एका हंगामात तीन संगीत नाटके: गळा, ऑर्गन आणि घड्याळ

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातली हौशी संस्था आहे. गाणारे पाच जण, त्यांत तीन पुरुष आणि दोन स्त्रिया. ऑर्गन संस्थेच्या मालकीचा, पण पाच-सहा वर्षे झाकून ठेवलेला. नाट्यगृह साडेसातशे खुर्च्यांचे. दिवाळीनंतर जानेवारीअखेरपर्यंत ‘स्वयंवर’, ‘मानापमान’ आणि ‘एकच प्याला’ अशी तीन नाटके करायचा बेत आहे. काय कापावे, तालमी कशा लावाव्यात, कुठे फसायला होते?

आधी यादी बदला. रुक्मिणी, भामिनी आणि सिंधू या तिन्ही भूमिका बालगंधर्वांच्या. ‘मानापमान’ १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर मंडळीने आणले, ‘स्वयंवर’ १० डिसेंबर १९१६ रोजी गंधर्व मंडळीने आणि ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये त्याच मंडळीने. म्हणजे तुमच्या यादीतली तिन्ही नाटके एकाच गळ्याच्या जिवावर उभी आहेत, आणि तो गळा तुमच्याकडे नाही. दोन गायिकांपैकी एकीवर किमान दोन नायिका पडणार. डिसेंबरात तिचा आवाज बसला की जानेवारीचा प्रयोग गेला. अशा हंगामात पैसा कमी पडतो तो नंतर, आधी गळा कमी पडतो.

तुमच्या ताकदीला बसेल असा क्रम म्हणजे पहिले ‘संशयकल्लोळ’, दुसरे ‘सौभद्र’, तिसरे ‘मानापमान’. ‘संशयकल्लोळ’चा भार गद्यावर आहे. फाल्गुनराव आणि कृत्तिका ही जोडी गाण्यावर नव्हे, बोलण्यावर चालते, त्यामुळे संस्थेतले न गाणारे पण चांगले नट इथे कामी येतात. गाणे मुख्यतः रेवती आणि अश्विनशेठ यांच्याकडे. ‘सौभद्र’मध्ये गाणे वाटून जाते. कृष्ण, अर्जुन, नारद आणि सुभद्रा सगळेच गातात, त्यामुळे पाचही गळे वापरता येतात. ‘मानापमान’ शेवटी ठेवायचे, कारण तोवर ऑर्गन-तबला आणि गाणारे यांची एकमेकांना सवय झालेली असते. दुसऱ्या गायिकेला भामिनी द्या, पहिलीला रेवती. सुभद्रा जिचा गळा त्या महिन्यात ताजा असेल तिला. ‘स्वयंवर’ पुढच्या वर्षी, आणि तेही रुक्मिणी आधी सापडली तर. नाटक ठरवून मग गायिका शोधायला निघालेल्या संस्था शेवटी ‘स्वयंवर’मधली निम्मी पदे कापतात आणि जे उरते त्याला ‘स्वयंवर’ म्हणवत नाही.

हक्कांचे काम पहिल्याच आठवड्यात उरका. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. ‘सौभद्र’चे अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ साली गेले, ‘संशयकल्लोळ’चे देवल १९१६ साली, ‘मानापमान’चे खाडिलकर १९४८ साली. ‘मानापमान’च्या चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ साली गेले. त्यामुळे नव्या यादीतली तिन्ही नाटके मोकळी आहेत. पण कुणी अलीकडे केलेली रंगावृत्ती उचलली तर त्या संपादनाचा हक्क वेगळा असतो. मूळ छापील संहितेवरून स्वतः कापा. ‘एकच प्याला’ कधी घेतलेत तर लक्षात ठेवा, नाटक गडकऱ्यांचे असले तरी पदे वि. सी. गुर्जरांची आहेत, त्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. आणि ‘कट्यार काळजात घुसली’चा मोह झाला तर नाटककार दारव्हेकर १९९९ मध्ये आणि संगीतकार अभिषेकीबुवा १९९८ मध्ये गेलेत, लेखी परवानगीशिवाय हात लावू नका. महाराष्ट्रात तिकीट लावून प्रयोग करणार असाल तर कापलेली संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे वेळेत पाठवा. प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय जाहिरात छापू नये.

आता कापाकापी. ही नाटके रात्रभर चालायची. ‘सौभद्र’मध्ये मुळात शंभराहून अधिक पदे आहेत, आज त्यातली पंचवीस-तीस ठेवली तरी पुष्कळ. कापायला बसण्यापूर्वी हिशेब करा. एकूण तीन तासांच्या आत यायचे आहे. नांदीला चार मिनिटे, मध्यंतराला पंधरा. उरले १६१. एकदोन वन्समोअर आणि उशिरा उघडणारा पडदा यांना दहा मिनिटे सोडा, म्हणजे हाती १५१. ‘सौभद्र’मध्ये सोळा मोठी पदे सरासरी चार मिनिटांची धरली तर ६४, बारा साक्या-दिंड्या (संवादातच म्हणायची छोटी पदे) मिनिटाच्या हिशेबाने १२, राहिलेली ७५ मिनिटे गद्य. ए-फोर कागदावर टंकलेले एक पान बोलायला साधारण दोन मिनिटे लागतात, म्हणजे सदतीस पाने. ‘संशयकल्लोळ’ला उलटे, पदे चौदा (५६ मिनिटे) आणि गद्य ९५. ‘मानापमान’मध्ये एकेक पद पाच मिनिटांखाली आणले की त्याचा जीव जातो, म्हणून अठरा पदांना ९० आणि गद्याला ६५. तिथे चार मिनिटे वर जातात, ती वन्समोअरमधून वसूल करा.

साक्या, दिंड्या, कामदा, अंजनीगीते ही किर्लोस्करी नाटकात संवादच आहेत. पात्र बोलता बोलता त्यात जाते आणि लगेच बाहेर येते. तिथे तान घेऊ नये, सूरसुद्धा फार रेंगाळू देऊ नये. ‘सौभद्र’ कंटाळवाणे होण्याचे पहिले कारण हेच असते की गाणाऱ्याने साकीचा ख्याल केलेला असतो. उलट साक्या सरसकट उडवून फक्त ‘गाजलेली’ पदे ठेवली की नाटकाची मैफल होते. कोणती साकी ठेवायची याची कसोटी सोपी आहे. तिच्यात बातमी किंवा निर्णय आहे का ते पाहा. आधी बोलून झालेलेच ती पुन्हा सांगत असेल तर काढा.

दुसरी एक चूक कापाकापीतच होते आणि ती रंगीत तालमीपर्यंत लक्षात येत नाही. या नाटकांत रस्त्याच्या पडद्यासमोरचा उथळ प्रवेश आणि मागचा खोल प्रवेश आलटून पालटून येतात. समोर दोन सेवक किंवा वाटसरू गप्पा मारत असतात तेव्हा मागे महाल उतरून अरण्य लागत असते. आजच्या दिग्दर्शकाला ते समोरचे प्रवेश फालतू वाटतात, तो ते काढून टाकतो, आणि मग दोन खोल प्रवेश एकापाठोपाठ येऊन मधे तीन-चार मिनिटांचा अंधार पडतो. असे अंधार पाच झाले की वाचवलेला वेळ गेलाच, वर रंगही गेला. प्रत्येक कापाबरोबर मागे किती वेळ लागणार ते लिहा. पडदा नुसता खाली येणार असेल तर वीस सेकंद, आसन-मंचक हलवायचे असतील तर दीड मिनिट. तेवढा प्रवेश समोर ठेवलाच पाहिजे.

तिन्ही नाटकांना मिळून पाच पडद्यांत भागते: रस्ता, उपवन, महाल, अरण्य, दिवाणखाना. पडदा रंगमंचाच्या उघाडीपेक्षा दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट जास्त रुंद हवा, नाहीतर कडेच्या खुर्च्यांना विंगेतला माणूस दिसतो. खालच्या दुमडीत पाइप घाला, म्हणजे पंख्याच्या वाऱ्याने महाल हलत नाही. भाड्याने आणणार असाल तर मोजमाप नाट्यगृहात स्वतः जाऊन घ्या, पत्रकात छापलेल्या मापावर जाऊ नका.

आता ऑर्गन. पाच-सहा वर्षे झाकलेला ऑर्गन पहिल्या तालमीच्या किमान सहा आठवडे आधी उघडा. आपल्या रंगभूमीवरचे बहुतेक ऑर्गन हवा आत ओढून वाजतात, त्यामुळे धूळही सुरांवर ओढली जाते. एखादा सूर मुका झाला तर बहुधा पत्तीखाली कण अडकलेला असतो. सूर आकड्याने बाहेर ओढून मऊ ब्रशने झाडायचा. पत्तीला खिळा किंवा सुई लावली की सूर कायमचा चढतो किंवा उतरतो. पट्टी सोडल्यावरही सूर वाजत राहिला तर दोष झडपेत असतो. खाली कचरा असतो नाहीतर पावसाळ्याने पट्टी फुगलेली असते. फुगलेली पट्टी लगेच तासू नका. कोरड्या खोलीत आठवडाभर ठेवून पाहा, बऱ्याचदा मूळपदावर येते. भात्याचे कापड उंदरांनी कुरतडले असेल तर आवाज दमेकऱ्यासारखा धापतो आणि वाजवणारा पाय मारून मारून थकतो. ते काम मात्र कारागिराकडेच द्यावे. पायट्यांची कुरकुर प्रेक्षागृहात माइकमधून ऐकू येते. खिळीला मेण चोळा. तेल घातलेत तर ते कापडात मुरून धूळ धरते.

जुन्या ऑर्गनचा स्वर आजच्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याशी तंतोतंत जुळेलच असे नाही, थोडा खाली-वर असतो. म्हणून तालमीत तानपुऱ्याचे यंत्र नको. तबला ऑर्गनवर मिळवायचा आणि गायकाने ऑर्गनवरच गायचे. यंत्रावर घरी तयारी करून आलेला गायक स्टेजवर पहिली दोन पदे अस्वस्थ असतो, त्याचे कारण इथे असते.

तबल्याकडे संस्था कमी लक्ष देतात आणि खरी गोची तिथेच होते. पुरुष साधारण काळी एक-काळी दोनमध्ये, म्हणजे ऑर्गनच्या त्या क्रमांकाच्या काळ्या पट्टीला षड्ज धरून गाणार, स्त्रिया काळी चार-काळी पाचमध्ये. एकाच प्रवेशात सुभद्रा गाऊन गेली की अर्जुन गाणार. मधे हातोडी घेऊन ठोकत बसायला वेळ नसतो. तबलजीजवळ निदान तीन तबले मिळवून ठेवलेले हवेत. काळी एकला साडेपाच इंची चालतो. काळी चारच्या षड्जाला सव्वासहा इंचांच्या आसपासचा मोठ्या तोंडाचा तबला लागतो, आणि तो नसला की काळी एकचाच तबला वापरून काम भागवतात, कारण काळी चारचा मध्यम काळी एकवर पडतो. बिहागात किंवा बागेश्रीत हे खपते. पण भूपात मध्यमच वर्ज्य, आणि यमनात तो तीव्र. ‘स्वयंवर’मधल्या भूपातल्या ‘सुजन कसा मन चोरी’ला किंवा यमनातल्या ‘नाथ हा माझा’ला खाली शुद्ध मध्यम ठणठणत राहिला तर रुक्मिणीने कितीही जीव ओतून गायले तरी कानाला खडा लागतो. मोठा तबला मिळवा, नाहीतर त्या पदांपुरता पंचमात मिळवलेला वेगळा ठेवा. वातानुकूलित नाट्यगृहात कातडे कोरडे होऊन तबला चढतो, कोकणातल्या उघड्या मांडवात दमटपणाने उतरतो. ऑर्गन आणि तबले प्रयोगाच्या दिवशी सकाळीच रंगमंचावर न्या आणि संध्याकाळी पुन्हा मिळवा.

गाण्याची पट्टी, म्हणजे षड्ज कुठला धरायचा ते ठरवताना ताज्या गळ्यावर जाऊ नका. दोन तास गाऊन झाल्यावर अंतऱ्यातला सर्वांत वरचा स्वर सहज लागतो का ते पाहा. लागत नसेल तर सगळी पदे अर्ध्या स्वराने खाली आणा. कुणी काय म्हणेल याची भीती धरू नका. बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिकांवरून पट्टी घेणाऱ्या गायिकांनी आठवावे की तो पुरुषाचा गळा होता. आणि ‘मानापमान’चा नायक धैर्यधर याची पदे दीनानाथ मंगेशकरांच्या ढंगाने गाण्याची हौस असेल तर त्या ढंगाचा पल्लाही हवा. ‘चंद्रिका ही जणू’ किंवा ‘रवि मी’ टेंब्यांच्या मूळ वळणाने गायली तरी ती पूर्ण उभी राहतात. एका प्रयोगात एकच वळण ठेवा. निम्मी पदे मूळ चालीत आणि निम्मी मैफलीतल्या तयार चालीत झाली की भामिनी आणि धैर्यधर दोन वेगळ्या नाटकांतले वाटतात.

प्रत्येक नाटकाचा एक पदतक्ता करा आणि त्याच्या चार प्रती काढा, ऑर्गन, तबला, प्रॉम्प्टर आणि ध्वनी अशा. एका ओळीत पदाचे पहिले शब्द, गाणारे पात्र, पट्टी, ताल, अंतरे किती, तानांना जागा कुठे, आणि पदाआधीचे शेवटचे वाक्य. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. त्या वाक्याच्या अखेरच्या तीन-चार शब्दांखाली ऑर्गनने हलकेच षड्ज धरायचा, म्हणजे नट बोलता बोलता सुरात शिरतो. वाक्य संपले, शांतता पडली, ऑर्गनने लांबलचक तुकडा वाजवला, नट समोर येऊन उभा राहिला आणि मग गायला लागला, असे झाले की तेवढ्यात पात्र मेलेले असते. ‘वद जाऊ कुणाला शरण’ म्हणणारी सुभद्रा खरोखरच कुणाला विचारावे या विवंचनेत असते. तिला पेटीच्या लांब तुकड्यासाठी थांबवून ठेवण्यात काय अर्थ आहे?

वन्समोअरचे धोरण आधी ठरवा. पूर्ण पद पुन्हा म्हणायचे नाही, अंतऱ्यापासून उचलायचे आणि फार तर दीड मिनिटात संपवायचे. एका अंकात एकच. कोणत्या पदाला मिळण्याचा संभव आहे ते तक्त्यात लिहून ठेवा, म्हणजे समोरचे पात्र पुढचे वाक्य घाईने बोलून टाळ्यांवर पाणी ओतणार नाही. नांदी तुम्ही बहुधा ‘पंचतुंड नररुंडमालधर’च घ्याल. ती मुळात ‘शाकुंतल’ची, पण आता ती कुठल्याही संगीत नाटकाआधी चालते. सगळा संच उभा करून एकाच पट्टीत म्हणायची असल्याने स्त्री-पुरुषांना मधली पट्टी, काळी दोन किंवा पांढरी तीन, द्या आणि हार्मनी वगैरेच्या फंदात पडू नका.

‘संशयकल्लोळ’साठी एका वस्तूकडे विशेष लक्ष द्यावे लागते. देवलांनी हे नाटक आधी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ या नावाने गद्यात केले होते, आणि घोटाळा खरोखर तसबिरीचाच आहे. रेवतीला भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो, ते कृत्तिका पाहते. रेवतीजवळची अश्विनशेठची तसबीर पडते, ती कृत्तिकेच्या हाती लागते, आणि तिच्या हातात परक्याची तसबीर फाल्गुनराव पाहतो. पुढचे सगळे संशय या एका पडण्यावर उभे आहेत. प्रेक्षकाला ती पडलेली दिसलीच नाही तर अर्ध्या अंकाचे हसू वाया जाते. म्हणून लॉकेटएवढी नाजूक वस्तू नको. चार बाय सहा इंचांची, रुंद सोनेरी चौकटीची तसबीर घ्या, काच काढून अ‍ॅक्रिलिक लावा. ती गालिच्यावर नव्हे, उघड्या लाकडी फळीवर पडली पाहिजे म्हणजे आवाज होतो. जागा मधोमध, पुढच्या कडेपासून चारेक फूट आत. पडल्यावर निदान दोन सेकंद कुणी तिच्याकडे पाहायचे नाही, प्रेक्षकांना आधी पाहू द्या. तसबिरी दोन बनवा आणि कोणत्या प्रवेशाच्या शेवटी ती कुणाच्या हातात किंवा कुठल्या विंगेत आहे याची यादी व्यवस्थापकाकडे ठेवा. फाल्गुनराव कृत्तिकेला जे लागट बोलतो ते आजच्या कानाला खटकते म्हणून कापायची टूम आहे. कापू नका. त्याला धमकावणारा नवरा म्हणून नव्हे, स्वतःच्या शंकेने घामाघूम झालेला माणूस म्हणून उभा करा, मग ते बोलणे त्याच्यावरच उलटते.

तालमींचा अंदाज असा ठेवा. पहिल्या नाटकाला दहा आठवडे, दुसऱ्याला आठ, तिसऱ्याला आठ, आणि ते एकमेकांवर चढलेले. वाचन आठवडाभर. नंतर तीन आठवडे गद्य आणि पदे पूर्ण वेगळी. गाणारे ऑर्गनवाल्याकडे जाणार, बाकीचे रंगमंचावर गद्य बसवणार, आणि गाणाऱ्यांच्या जागी पदाचे फक्त पहिले शब्द बोलून पुढे जायचे. असे केल्याने गायकांनाही गद्य बोलावे लागते. ही फार उपयोगाची गोष्ट आहे, कारण चांगला गाणारा आणि वाईट बोलणारा धैर्यधर दुसऱ्या अंकापर्यंत प्रेक्षकांच्या मनातून उतरतो. पाचव्या आठवड्यापासून दोन्ही एकत्र. शेवटच्या पंधरवड्यात दर तालीम घड्याळ लावून, आणि मिनिटे तक्त्यात लिहायची. रंगीत तालीम प्रयोगाच्या तीन दिवस आधी. त्यानंतर गाणाऱ्यांनी पूर्ण आवाजात गायचे नाही. प्रयोगाच्या सकाळी ‘एकदा सगळी पदे करून घेऊ’ असा आग्रह हमखास होतो. तो दिग्दर्शकाने मोडून काढावा.

ध्वनीबाबत थोडक्यात. ऑर्गनला एक माइक मागच्या बाजूने दीड फुटावर, तबला-डग्ग्याला एक. नटांना कॉलर माइक लावणार असाल तर मंगळसूत्र, मोत्यांचे सर, शेला यांपैकी काहीतरी त्यावर घासणारच. स्त्रियांना तो केसांत, कपाळाच्या वर बसवा. पुरुषांची मिशी ओठावर येत असेल तर तान घेताना सुटते, ओठाच्या रेषेवर छाटा आणि स्पिरिट गम कोरडा होईपर्यंत बोलू देऊ नका. रंगमंचाकडे तोंड केलेला एक स्पीकर हवा आणि त्यात फक्त ऑर्गन सोडा. गायकाला स्वतःचा आवाज परत ऐकवला की तो दाबून गातो. वाजवणाऱ्यांची बैठक अशी असावी की गायकाला ऑर्गनवाल्याचे डोळे दिसतील. नाट्यगृहात रात्री दहाची मर्यादा आड येत नाही. पण गावच्या जत्रेत किंवा मैदानात उघड्यावर प्रयोग लावलात तर ध्वनिक्षेपक दहाला बंद करावा लागतो. शासनाने सवलत दिलेल्या ठरावीक दिवशीच बारापर्यंत मुभा असते.

तारखा ठरवताना ५ नोव्हेंबरच्या रंगभूमी दिनाचा मोह सगळ्यांना होतो. दिवाळी त्याच्या अलीकडे-पलीकडेच येत असल्याने गावातले निम्मे प्रेक्षक बाहेरगावी आणि नाट्यगृह मात्र नेमके त्याच दिवशी भरलेले, असे होते. दिवाळीनंतरचा दुसरा किंवा तिसरा शनिवार घ्या. दोन नाटकांत किमान चार आठवड्यांचे अंतर. वेळ संध्याकाळी साडेपाच-सहाची. या नाटकांचा प्रेक्षक वयस्क असतो आणि त्याला शेवटची एसटी गाठायची असते. तिकीट माणशी ५०० रुपयांच्या वर नेऊ नका, तिथपर्यंत नाटकाच्या प्रवेशावर जीएसटी लागत नाही, तरी तुमच्या हिशेबनीसाला एकदा विचारा. तिन्ही नाटकांचे एकत्र तिकीट काढले तर ते पहिल्या प्रयोगाआधीच विका, कारण ऑर्गनदुरुस्ती आणि पडद्यांचे भाडे तेव्हाच द्यायचे असते. पत्रकात कथासार दहा ओळींत द्या आणि त्याखाली पदांची यादी क्रमाने छापा. लोक ती यादी हातात धरून बसतात, आणि कापलेले पद कोणते हेही त्यांना तिथेच कळते, मग मध्यंतरात भांडण होत नाही.

राहता राहिला गळा बसण्याचा प्रश्न. प्रत्येक गाणाऱ्या भूमिकेला पर्यायी माणूस तालमीपासून तयार ठेवा. रेवती करणारीने भामिनीचे गद्य आणि निदान आठ पदे पाठ ठेवायची, भामिनी करणारीने रेवतीची. तिघा पुरुषांनी ‘सौभद्र’मध्ये एकमेकांच्या भूमिका शिकायच्या. पर्यायी माणसाची पट्टी वेगळी असेल, म्हणून पदतक्त्यात तिचाही रकाना ठेवा, नाहीतर ऐनवेळी ऑर्गनवाला जुन्या पट्टीत सूर देतो. प्रयोगाच्या दिवशी दुपारी बारापर्यंत गळ्याचा निर्णय घ्या. अर्धवट आवाजाने ‘बघू, होईल’ म्हणून उभे केले तर दुसऱ्या अंकात आवाज पूर्ण जातो आणि मग बदली करायलाही वाव राहत नाही. आवाज थोडाच खराब असेल तर पदे पंधरावरून नऊवर आणा, पट्टी एक स्वर खाली घ्या, ताना काढा, आणि पडदा उघडण्यापूर्वी प्रेक्षकांना एका वाक्यात सांगून टाका. त्या वेळी कापायची सहा पदे कोणती, हेही तक्त्यात आधीच लाल शाईने खुणावलेले असावे.